डॅशची शिक्षा

कबड्डीत माणूस कायमचा झोपतो असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. आमच्या वेळी गुडघे फुटायचे, एखादा दात पडायचा. हळद भरून दुसऱ्या दिवशी नांगरामागं जायचो. आता लांबून रेडरचा दम कानावर आला तरी मी वाट बदलतो.

गुंदच्या माळावर आमच्या गावाची साखळी फेरीतली मॅच होती. आमच्या शेजारणीचा मुलगा रेडला, म्हणजे चढाईला, गेला. हलका गडी, पळायला हरणासारखा. एकाला शिवून तो फिरला आणि मधल्या रेषेकडं उडी घेतली. तो हवेत असतानाच समोरच्या गावाच्या एका धिप्पाड गड्यानं बाजूनं येऊन खांदा घातला. याला डॅश म्हणतात. रेडरला धडक मारून मैदानाबाहेर फेकायचं. नियमात बसतं. पण हवेतल्या माणसाला पाय कुठं असतात? मुलगा डोक्यावर आला. लोकांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग एकेक करून गप्प झाले.

मी मैदानाच्या दोरीलाच उभा होतो. त्याचे डोळे उघडे होते, इकडून तिकडं फिरत होते. बाकी काही हलत नव्हतं.

असे डोळे मी आधी बघितले होते. गेल्या सुगीत माझी बायको भाताच्या उडवीवरून पडली. ती वर रचत होती, मी खालून पेंढ्या देत होतो. उंची काही फार नव्हती. खळ्यावर मानेवर आली. बोलणं नीट होतं. ‘बघताय काय, उठवा की मला,’ म्हणाली. हातपाय मात्र दुसऱ्या कुणाचे असल्यागत पडलेले. बेळगावला नेली ती बोलत नेली, आणली ती झाकून. त्यानंतर घरात मी आणि मुलगा, दोघंच.

शेजारणीचा मुलगा जगला. बेळगावच्या दवाखान्यात पडून आहे, एका हाताची बोटं हलतात म्हणे. स्पर्धेच्या कमिटीनं त्या डॅशवाल्याला एक मॅच बाहेर बसवलं. ती मॅच त्याच्या गावानं त्याच्याशिवायही जिंकलीच. आणि फायनल आली आमच्याशी, आमच्याच देवळापुढच्या मैदानावर.

त्या आठवड्यात मी जोयड्याला रेशनसाठी गेलो होतो. परतताना जीपमध्ये नेहमीसारखी माणसं कोंबलेली, आणि सगळ्यांच्या तोंडात एकच विषय.

“जन्मभर बंद करा त्याला,” आमच्या गावचा दुकानदार म्हणाला. “पोराचं वाटोळं करून एक मॅच? ही काय शिक्षा झाली?”

“का म्हणून जन्मभर?” ड्रायव्हर समोर बघतच बोलला. “डॅश नियमात हाय. पंचानं शिट्टी मारली न्हाई.”

“पंचाला डोळं हाईत काय? पोरगा हवेत होता.”

“तो हवेत जाणार हे त्या गड्याला सपान पडलं होतं? अण्णा, तुमी कवा मैदानात उतरलाय? गल्ल्यावर बसून नियम सांगालाय.”

सगळे हसले. मागून मासळीवाली बोलली, “हसा, हसा. त्या पोराची आई तिकडं दवाखान्यात जमिनीवर झोपालीया. तिला विचारा नियम.”

मग शाळेतल्या मास्तरांनी मोबाईल काढला. “हे अमेरिकेतलं बघा. हे लोक याला फुटबॉल म्हणतात, पण हातानंच खेळतात.”

“मग जेवत्यात काय पायानं?” ड्रायव्हर म्हणाला.

अंड्यासारखा चेंडू होता. पोरांच्या अंगात खोगिरं घातल्यागत काहीतरी आणि डोक्यावर जाड टोप्या. एकजण चेंडू धरायला वर बघत होता, दुसऱ्यानं पळत येऊन टोपीसकट डोकं त्याच्या हनुवटीखाली घातलं. तो पडला तो पडलाच. मास्तर सांगायला लागले, की तिथं असल्या धडकेला पगार कापतात, पुढच्या मॅचला बाहेर बसवतात, आणि तरी बघणारे भांडतातच. निम्मे म्हणतात हाकलून द्या, निम्मे म्हणतात एवढं भ्यायचं तर घरात बसा.

“म्हंजे आमच्यागतच की,” मासळीवाली म्हणाली.

“आमच्यागत कसं, अक्का?” ड्रायव्हर म्हणाला. “त्यांच्या डोक्यावर टोपी तरी हाय. आमच्या पोरास्नी बनेनबी फाटकी.”

मास्तरांनी ती धडक परत लावली. मग परत एकदा. आणि दर वेळी जीपमधली सगळी डोकी त्या मोबाईलवर वाकत होती. पोराची बाजू घेणारा दुकानदारसुद्धा वाकत होता. माणसं धडक बघायलाच येतात. शिक्षेचं नंतर बोलतात.

उतरता उतरता दुकानदार माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मामा, कमिटी मरू दे. शिक्षा तुमचा कॉर्नर देणार हाय. सगळं ठरलंय.”

आमचा कॉर्नर, कोपऱ्यात राहून रेडरला धरणारा, म्हणजे माझा मुलगा.

घरी आलो तर मुलगा मागच्या खळ्यावर होता. पोत्यात गवत आणि खाली माती भरून त्यानं माणसाएवढं ओझं केलं होतं. पाठीमागून मिठी मारायची, उचलायचं, आणि उलटं करून आपटायचं. घामानं निथळत होता. मी लाकडाच्या ढिगाशी उभा राहिलो. पोतं ज्या बाजूनं जमिनीवर येत होतं ती बाजू फाटत आली होती.

“हे काय करालास?”

“पकड.”

“असली पकड मी कवा बघितली न्हाई.”

“तुमी बघितली न्हाई असं लई हाय, बाबा.”

“त्याची मान मोडली तर?”

तो थांबला. माझ्याकडं न बघता म्हणाला, “मोडू दे. दवाखान्यात पडलाय तो माझा दोस्त हाय. एक मॅच बसून त्या गड्याला कळलं काय? पडल्यावर कळंल.”

“तुझी आई अशीच पडली रं.”

“आईला कुणी पाडलं न्हवतं,” तो म्हणाला, आणि परत पोतं उचललं.

दोन गोष्टींची भीती मला सारखीच वाटत होती. तो गडी मरेल ही एक. माझा मुलगा माणूस मारून घरी येईल आणि माझ्यासमोर भाकरी मोडेल ही दुसरी. आणि तो गडी काही पोतं नव्हता. तोही उलटून आपटू शकत होता, मग मी कुणाला घेऊन बेळगावला जायचं? भात शिजवला, तो मी एकट्यानंच चिवडला. कमिटीच्या माणसाला जाऊन सांगितलं, की त्या गड्याला वर्षभर बसवा, आमची पोरं तरी शांत होतील. तो म्हणाला, “मामा, फायनल हाय. लोक त्यालाच बघायला येणार.”

आमच्याकडं देवळापुढं काहीही करायचं झालं तर आधी गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवायचा, जाणत्या माणसानं देवाला मोठ्यानं सगळं सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आमच्या गावात तो मान माझ्या घराकडं आहे. मॅचच्या दिवशी दोन्ही गावची पोरं समोरासमोर उभी राहिली. डॅशवाला शेवटी होता. लांबून दिसला होता त्याहून वयानं लहान. गालावर नीट दाढीसुद्धा नव्हती.

मी नारळ ठेवला.

“बा देवा म्हाराजा, आज तुझ्या पायाशी दोन गावची लेकरं खेळायला आलीत.”

“व्हय म्हाराजा!”

“पाऊसपाणी, ढोरंगुरं, सगळ्यांची राखण कर.”

“व्हय म्हाराजा!”

“एक लेकरू दवाखान्यात पडलंय. त्याचे हातपाय त्याला परत दे.”

“व्हय म्हाराजा!”

आता लोक सवयीनं म्हणत होते, निम्म्यांचं लक्ष दोरीकडं होतं. मी तसाच पुढं गेलो.

“आमच्या पोरांनी मनात धरलंय, ज्यानं पाडलं त्याला उलटा आपटायचा. त्यात माझा पोरगा पहिला हाय.”

“व्हय म्हारा…” आवाज मध्येच विरला.

“त्याला बसवायचा तर पंचांनी बसवावा, वर्षभर बसवावा. पोरांच्या हातनं शिक्षा नको. आज जो कुणी दुसऱ्याच्या मानेवर जाईल त्याला तू बघून घे.”

कावळे तेवढे ओरडत होते. मग त्या पलीकडच्या गावाची माणसं म्हणाली, “व्हय म्हाराजा.” मग बायका म्हणाल्या. मग आमची माणसं, खालच्या आवाजात. दुकानदार माझ्याकडं असा बघत होता, जणू मी त्याच्या ताटात थुंकलो.

मॅच सुरू झाली. मी दोरी धरून उभा होतो. आम्ही दोन-तीन गुणांनी पुढं होतो. शेवटाकडं डॅशवाला रेडला आला. आमच्या पोरांनी साखळी केली, तो आत शिरला, आणि माझ्या मुलानं मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. उचलला. त्याचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले.

“आपट! आपट रं!” चारी बाजूंनी ओरडा झाला. आत्ताच व्हय म्हटलेली तीच तोंडं.

माझ्या मुलानं त्याला तसाच धरून ठेवला. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग सरळ पायांवर खाली ठेवला. ठेवताना मिठी ढिली झाली असावी. त्या गड्यानं अंग झोकून मधल्या रेषेला हात लावला. त्याला शिवलेले आमचे सगळे बाद झाले. तिथंच मॅच गेली.

“म्हाताऱ्यानं घालवली,” माझ्या मागून कुणीतरी म्हणालं. “बायको गेल्यापासनं डोकं ठिकाणावर न्हाई त्याचं.” मी वळून बघितलं नाही. मला माझा मुलगा चालताना दिसत होता, आणि तो दुसराही.

घरी मुलानं पाय धुतले, चुलीपाशी बसला. मग म्हणाला, “बाबा, सगळ्या गावासमोर तुमी मला नागडं केलं.”

“व्हय. केलं.”

“आणि तुमच्या गाऱ्हाण्यानं मी त्याला सोडला असं समजू नका. माझ्या तोंडातनं व्हय गेलंच न्हवतं.”

“मग का सोडला?”

तो आपल्या हातांकडं बघत राहिला. “वर उचलला तवा त्याचं पोट थरथरत होतं. कोकरागत. बाहेरनं कुणाला दिसत न्हाई ते. माझ्या हाताला लागलं.”

मी त्याच्या ताटात भात वाढला. तो जेवला.

पुढच्या महिन्यात दिग्गीकडं स्पर्धा आहे. नवीन गावं येणार, नवीन पोरं. आमच्या संघात आता रेडर नाही, म्हणून त्याला कॉर्नरवरून काढून रेडला पाठवणार आहेत. काल त्यानं नवी बनियन आणून मला दाखवली. मी बरी आहे म्हटलं. तिकडच्या कुठल्या गड्याच्या हातात तो सापडणार, आणि त्या गड्याच्या हाताला काही लागणार की नाही, हे मी कुणाला विचारू?