झेलणाऱ्याची हाक

सर्कशीवर बोलायला नगरमधल्या शाळा मला अजून बोलावतात. दरवेळी मी सगळं सांगतो आणि एक गोष्ट गाळतो. इतकी वर्षं ती टाळली, कारण ती ऐकल्यावर कुणी मला पुन्हा बोलावणार नाही. आता न बोलावलं तरी चालेल.

इतिहास सांगायला सोपा आहे. विलायतेत एका घोडेस्वारानं ओळखलं, की घोडा गोल पळवला तर त्याच्या पाठीवर उभं राहणं जमतं. त्यातून रिंगण आलं, मग त्यात विदूषक आणि कसरतवाले शिरले. आपल्याकडे डोंबारी गावोगाव दोरीवर चालतच होते, पण परदेशी सर्कस पाहून आपली स्वतःची सर्कस उभी केली ती घोडे शिकवणाऱ्या एका मराठी माणसानं. हे मुलांना फार आवडतं. मग झुल्याची पाळी येते. पहिला झुलेवाला एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर उडाला. झेलणारा माणूस त्यानंतर आला. त्या उडणाऱ्याचं नाव पुस्तकांत आहे. पहिल्या झेलणाऱ्याचं मला कुठे सापडलं नाही, आणि मी पुष्कळ शोधलं.

मी झेलणारा होतो. पाथर्डीकडच्या एकाच गावातून आम्ही दोघे मित्र सर्कशीत गेलो. तो उडायचा. मी समोरच्या झुल्यावर गुडघे अडकवून उलटा लटकायचो आणि त्याची मनगटं पकडायचो. दांडी कधी सोडायची हे उडणाऱ्याला दिसत नाही. झेलणारा ‘हप!’ म्हणतो, तेव्हा तो सोडतो. म्हणजे सगळा खेळ माझ्या हाकेवर, आणि टाळ्या त्याला.

सर्कस नगरला आली तेव्हा आमचं गाव ट्रकनं पाहायला आलं. खेळ संपल्यावर माझ्या वडिलांनी आधी त्याला मिठी मारली.

“लेका, लई उडतोस रं! पाखरू हाय पाखरू.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आन् तू? निस्ता वटवाघळावानी लटकून हुतास व्हय?”

सगळा ट्रक हसला. तो मात्र म्हणाला, “काका, ह्यो हाय म्हनून मी हाय. ह्याच्या हातात गेलो की घरी आल्यावानी वाटतं.”

त्यानं माझी थट्टा केली असती तर बरं झालं असतं. त्याचा तो मोठेपणा मला सहन झाला नाही. वडिलांचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळात मी हाक उशिरा दिली. पापणी लवायला लागतो तेवढाच उशीर. तो आला तोवर माझा झुला मागे फिरला होता. तो जाळीत पडला, आणि मला बरं वाटलं. हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

आमच्यात रिवाज असा, की पडलेल्यानं त्याच खेळात पुन्हा चढायचं, नाहीतर भीती अंगात बसते. आणि पडला तर चूक उडणाऱ्याचीच धरायची. झेलणाऱ्याला कुणी विचारत नाही. तो हसत चढला. मी ठरवलं, आता नीट करायचं, आणि हाक अगदी वेळेवर दिली. पण त्याला वाटलं होतं, की मघाशी हाक येऊनही आपणच रेंगाळलो. म्हणून या वेळी तो हाकेच्या आधीच सुटला. त्याची बोटं माझ्या बोटांना लागून गेली. तो जाळीच्या कडेवर आपटून खाली जमिनीवर पडला.

उजवा खांदा निखळला, तो पुन्हा नीट बसला नाही. मालकानं त्याला घरी पाठवलं. पुढे तो वर्षानुवर्षं बायकोबरोबर ऊसतोडीला जात राहिला, डाव्या हातानं कोयता चालवत. त्याच्या जागी दुसरा आला. त्यालाही टाळ्या पडायच्या, त्याचाही मला हेवा वाटायचा. पण त्याला मी प्रत्येक वेळी झेललं.

दोन वर्षांपूर्वी मी गावी, माझ्या त्या मित्राच्या घरी गेलो. सांगायलाच गेलो होतो. त्यानं नातीला हाक मारली, “ये गं, ह्यो बघ, ह्यानंच मला येवढी वर्सं झेललं.” मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “येक सांगू का? अजून मनाला लागतं. मी येळ चुकलो, आन् तुझ्या झेलाला बट्टा लागला.”

“जाऊ दे रे,” मी म्हणालो.

“जाऊ दे कसं? दोन डाव चुकलो. पयला तर हाक ऐकून चुकलो.”

नातीनं चहा आणला. मी बशीत ओतून प्यालो. त्यानं जमीन, गुडघे, पाऊसपाणी काढलं. मी हो-हो करत राहिलो. निघताना तो एसटीच्या थांब्यापर्यंत आला. गाडी आली तेव्हा मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, “येतो.”

त्याच वर्षी उन्हाळ्यात तो वारला. मला त्याला म्हणायचं होतं ते असं: पहिल्या वेळी तू चुकला नाहीस. हाक मी मुद्दाम उशिरा दिली. मला माफ कर.