निवडलेली बटणं

काजवालीला नावानं हाक मारणारी दोनच माणसं होती. त्यातली आई गेली आणि दादानं बोलणं टाकलं. उरली ती नुसती काजवाली. शिवून आलेल्या शर्टांना काजं करायची, बटणं लावायची आणि गठ्ठा कारखान्यात पोचवायची.

आईला शेवटी शेवटी घरदार ओळखू येईना. दार उघडं दिसलं की चालू पडायची. म्हणून माल पोचवायला जाताना काजवाली बाहेरून कुलूप घालायची. निघण्याआधी म्हातारीपुढे परातभर बटणं ठेवायची. "निवडून ठेव गं आई, कारखाना खोळंबलाय." म्हातारी पांढरी, काळी, तपकिरी वेगळी करून खणांच्या डब्यात भरायची. ती झोपली की काजवाली सगळी पुन्हा मिसळून टाकायची. उद्याला काम नको का?

एका दुपारी आई आत पडली. शेजारी दार ठोठावत राहिले आणि किल्ली काजवालीच्या कमरेला, कारखान्यात. दादा आला तो एवढंच म्हणाला, "जनावरालाही कुणी असं कोंडून मारत नाही." त्यानंतर त्यानं तिचा उंबरा शिवला नाही.

पुढे एक लेखिकाबाई गल्लीत येऊ लागल्या. इथल्या माणसांवर पुस्तक लिहीत होत्या, सगळं खरंखुरं. काजवालीनं त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. फक्त म्हणाली, "माझं नाव नको. बटणंही नकोत, कारखान्यातले लगेच ओळखतील." बाईंनी शब्द पाळला. पुस्तकात ती खिळेवाली झाली, खिळे-स्क्रू पुड्यांत भरणारी.

पुस्तक हातात आलं तसं तिनं ते वहिनीकरवी दादाकडे धाडलं. दादाला वाचनाचं वेड. नाव बदललं म्हणून काय, पाठच्या बहिणीला ओळखणार नाही? वाचेल, येईल.

तो आला. चार वर्षांनी. पुस्तक काखेत, चपला पायातच, उंबऱ्याबाहेर उभा.

"बस ना, दादा."

"बसायला नाही आलो. त्या खिळेवालीचं वाचलंस?"

"बाईंनी वाचून दाखवलं."

"तिनंही आईला कुलूपच घातलं. पण म्हातारीचा जीव रमावा म्हणून खिळे निवडायला द्यायची, रात्री परत मिसळायची. ते पान मी दोनदा वाचलं. माणूस कसं कात्रीत सापडतं ते कळलं." त्याचा आवाज खरंच ओला होता. "म्हटलं, तुलाही सांगावं, आईला सांभाळणं कशाला म्हणतात ते."

"दादा, ती मीच."

तो नाकातून हसला. "लहानपणी माझं बक्षिसाचं पेन आपलं म्हणून मिरवायचीस. तशीच राहिलीस."

ती आत जाऊन डबा घेऊन आली. त्या शेवटच्या दुपारी आईनं निवडलेली बटणं तिनं कधी मिसळलीच नव्हती. पांढरी, काळी, आणि अर्धवट भरलेला तपकिरी खण.

दादानं वाकून पाहिलं. मग हलकेच झाकण लावलं.

"पुस्तक ऐकून मांडलंस ना हे? निदान आईच्या नावावर तरी सोंग नको गं."

हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तोंड उघडलं, पण जे सांगायचं ते सगळं पुस्तकात होतं, आणि ते त्याचं वाचून झालं होतं.

"पुस्तक ठेवून घेतो," जाताना तो म्हणाला. "चांगलं आहे."

दिवेलागणीला तिनं डबा परातीत पालथा केला आणि बटणं हातानं ढवळली. मग शर्ट मांडीवर घेतला. पांढरं बटण हवं होतं. लवकर सापडत नव्हतं.