शिट्ट्या वाजल्या तेव्हा अण्णा शेजारीच होते

मंडळी, दुपारी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन पिक्चरला गेलतो. मी कॉलेजात वाचलेल्या एका विज्ञान कादंबरीवरचा हाय.

गोष्ट साधी. गावातलं पाणी संपत आलंय आणि ते कुणाला द्यायचं हे एक यंत्र ठरवतं. यंत्र म्हाताऱ्यांची नावं काढून टाकतं. कादंबरीत गाव ते यंत्र फोडतं. पिक्चरमध्ये गाव त्याचं ऐकतं.

आणि तिथंच थेटरात शिट्ट्या वाजल्या.

वाटलं, मागं कुणीतरी टवाळ पोरं असतील. पण बाहेर पार्किंगमध्ये आमच्या गल्लीतला महेश भेटला. त्याला लहानपणी सायकल अण्णांनीच शिकवलेली.

"पुस्तकापेक्षा शेवट भारी केलाय की," म्हणाला. "व्यवहार बघाय नको व्हय?"

मी अण्णांकडं बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर बोलतोय त्यो."

तुमच्यापैकी कुणी बघितलाय का? तुमच्या शोला पण शिट्ट्या वाजल्या का? खरं सांगा.

घरी आल्यापासून अण्णा अर्धाच पेला पाणी मागतायत.