न फुटणारा फुगा

"पोटात टायरची ट्यूब नसते जी, डाक्टरसाहेब," असं रुपराव एकदा म्हणाले होते. एकदाच.

रुपराव महाल भागातले सीटकव्हरवाले. बोटांना रेक्झिनचा वास आणि नजरेनं माप घेण्याची सवय. एका खासगी मेडिकल कॉलेजचे सर्जरीप्रमुख डॉ. मार्तंड गाडीची कव्हरं शिवून घ्यायला आले आणि कारागीरच घेऊन गेले. दुर्बिणीनं ऑपरेशन शिकवायचं परदेशी यंत्र महाग, कॉलेजला तेच स्वस्तात हवं होतं. रुपरावांनी प्लास्टिकच्या डब्यावर रेक्झिनचं पोट ताणलं, त्याला दोन भोकं पाडली, आत कॅमेरा म्हणून जुना मोबाइल टांगला. भोकांतून लांब चिमटे घालायचे, टीव्हीवर बघायचं आणि स्पंजला चिकटवलेला फुगा न फोडता सोडवायचा. फुगा म्हणजे पित्ताशय, आत हिरवं पाणी.

इथवर सगळे खूश होते. पण रुपरावांनी खाटकाकडून बोकडाचं पित्ताशय आणलं, बोटांत चोळून पाहिलं आणि तेवढाच पातळ फुगा मिळेपर्यंत सीताबर्डीचा बाजार पालथा घातला.

बारा विद्यार्थ्यांचे बारा फुगे फुटले. तेरावा सरांचा. हिरवं पाणी सरांच्या टायवर उडालं.

"जरा जाड रबर लावा, रुपराव. सोमवारी समिती येतेय."

तेव्हा ते ट्यूबचं वाक्य बोलले. सर हसले. कॉलेज तपासायला पोट येत नाही, समिती येते.

घरी येऊन रुपराव स्कूटरची जुनी ट्यूब कापायला बसले.

"काहून जी, येवढ्या मेहनतीचे फुगे बाजूले सारून राहिले?" त्यांच्या बायकोनं, पंचफुलाबाईंनी विचारलं.

"फुटते म्हणून."

"फुटन तवाच त शिकतीन ना पोट्टे!"

"आधी समिती जाऊ दे वं. शिकनं मंग."

समिती आली, काजू खाऊन गेली. एकही फुगा फुटला नाही. निकाल शंभर टक्के लागला. रुपरावांना शाल मिळाली, शालीतला फोटो कॉलेजच्या व्हरांड्यात लागला. शाल त्यांनी दुकानाच्या काचेत ठेवली. पातळ फुग्यांची पुडी खालच्या खणात गेली. ती कुणी परत मागितली नाही, त्यांनीही काढली नाही.

तीन वर्षांनी रुपरावांच्या उजव्या कुशीत कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे. "आपल्या माणसाचं आपल्याकडेच करू," डॉ. मार्तंड म्हणाले.

गुरुवारी सकाळी रुपराव हिरवा झगा घालून खाटेवर बसले होते. संमतीचा कागद मांडीवर, पेन हातात. एक तरुण डॉक्टर हसत आला.

"काका, मी अमोल. ओळखलं? सर गोव्याला परिषदेत तुमच्या डब्यावर भाषण द्यायला गेलेत. ऑपरेशन मीच करतोय. घाबरू नका, तुमच्याच डब्यावर शिकलोय!"

रुपराव त्याच्या बोटांकडे बघत राहिले.

"फुगे किती फोडले गा, शिकताना?"

"एकही नाही, काका!" अमोलनं छाती फुगवली. "आमच्या बॅचमध्ये कुणाचाच फुटला नाही."

रुपरावांनी पेन कागदावर आडवं ठेवलं. पायानं चाचपत खाटेखालच्या चपला ओढल्या. पंचफुलाबाईंनी पिशवी उचलली. पाठीवर उघडा पडणारा झगा एका हातानं आवळत रुपराव व्हरांड्यातून, शालीतल्या हसऱ्या रुपरावांच्या समोरून, बाहेर पडले.