सातवं वजन

टाचणीमावशींना टाचणीमावशी म्हणण्याची कारणं दोन. एक म्हणजे कामाच्या वेळी त्यांच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या असत. आणि दुसरं, त्या टाचण्या काढून मावशी बोलायला लागल्या की ऐकणाऱ्याला वाटे, होत्या तिथेच बऱ्या होत्या. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा सैल करा," की मावशी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि विचारत, "कपडा सैल करू, की तुम्ही चार घास कमी खाताय?" गिऱ्हाईक हसे, कपडा सैल होई, आणि पुढच्या महिन्यात तेच गिऱ्हाईक आणखी एक पिशवी घेऊन दारात उभं राही. हातात कसब असलं की जिभेला सगळं माफ असतं.

दुकान म्हणजे तळमजल्यावरच्या घराची पुढची खोली. खिडकीशी शिलाईचं मशीन, मधोमध कापड कापायचं लांब टेबल, भिंतीलगत दांडीवर टांगलेले तयार कपडे. आतल्या खोलीचं दार सदा उघडं, आणि त्या खोलीत टीव्ही. मावशी टीव्ही बघत नसत, ऐकत. दीपगृहातल्या खुनांची एक मालिका तीन महिने चालू होती. तिच्यातला फौजदार उंच की बुटका हे मावशींना आजतागायत ठाऊक नाही, पण त्याच्या बुटांच्या आवाजावरून तो आज कोणाला धरणार हे त्या काजं करता करता सांगत. दहातल्या आठ वेळा बरोबर यायचं. उरलेल्या दोन वेळा चूक फौजदाराची असायची.

टीव्हीच्या मागे एक चपटी डबी लावलेली होती, इंटरनेटवरच्या मालिका दाखवणारी. दुसऱ्या शहरातल्या लेकीने ती पाठवली होती. तिचा रिमोट मुठीत मावेल एवढा, काळा, गुळगुळीत. एक दिवस त्याचं खाली सरकायचं बटण गेलं. बाकी सगळं चाले, पण पडद्यावर खाली काही जाता येईना. पंधरा दिवस नवरा-बायकोने पहिल्या ओळीत जे येईल ते गोड मानून घेतलं. त्यात मासेमारी फार होती. सोळाव्या दिवशी मावशी म्हणाल्या, "अहो, मला आता माशांची स्वप्नं पडायला लागली आहेत. नवा रिमोट आणा."

काका, म्हणजे मावशींचे यजमान, लिफ्टचे मेकॅनिक होते. आता निवृत्त. त्यांनी रिमोट आणला, खोकं फोडलं आणि आतला सूचनांचा कागद न उघडता चुरगळला.

"अहो, वाचा तरी."

"चौतीस वर्षं बटणं बसवली मी. मला कागद बघून बटण दाबायला लावू नकोस."

कागदावर पहिलीच सूचना होती, की नवा रिमोट जोडण्याआधी जुन्याची जोडणी तोडावी. ती कचऱ्याच्या डब्यात गेली. काकांनी दोन बटणं एकदम धरली, हिरवा दिवा लुकलुकला, नवा रिमोट चालू झाला. एखादी दहा मजल्यांची लिफ्ट सुरू केल्यासारखे ते मागे सरकून उभे राहिले. "झालं. जुना टाकून दे."

"टाकते," मावशी म्हणाल्या.

आता मावशींनी जन्मात काही टाकलेलं नव्हतं. कापड कापताना ते सरकू नये म्हणून शिंपी त्यावर वजनं ठेवतात. मावशींची वजनं सहा. बिजागरीचा एक तुकडा, एक मोडकं कुलूप, काकांच्या कामावरची पितळी चकती, असाच सगळा भंगारमाल. कापडाला गंज किंवा डाग लागू नये म्हणून प्रत्येकाला त्यांनी उरलेल्या चिंध्यांची पिशवी शिवली होती. जुना रिमोट हातात घेतला आणि त्यांच्या मनात भरला. चपटा, कोपरे गोल, कापडाला कुठे अडकायचा नाही. सेल काढून पाहिले तर हलका लागला, म्हणून परत घातले. राखाडी फ्लॅनेलची पिशवी शिवून तिचं तोंडही शिवून टाकलं. सातवं वजन तयार.

तुमच्या लक्षात आलंच असेल. मावशींच्या आलं नाही, कारण त्यांच्या लेखी तो रिमोट मेलेला होता. वास्तविक त्याचं एक बटण मेलं होतं, बाकीची ठणठणीत होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातलीच गत. हे रिमोट टीव्हीकडे रोखून धरावे लागत नाहीत, त्यांना ना भिंत आड येते ना फ्लॅनेल. मावशी कापडावर वाकल्या, वजनावर तळहात किंवा कोपर टेकलं, की आत काहीतरी दाबलं जाई. आणि आतल्या खोलीत फौजदार अर्ध्या वाक्यात गप्प होई.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मावशी ओरडल्या, "अहो, थांबवलंत कशाला?"

"मी नाही गं," काका स्वयंपाकघरातून म्हणाले. "तूच दाबलं असशील."

दुसऱ्या दिवशी आवाज एकाएकी इतका वाढला की वरच्या मजल्यावरच्यांनी जमिनीवर काठी आपटली. तिसऱ्या दिवशी मालिका बंद होऊन पहिलं पान आलं. मावशी हातात कात्री घेऊन आतल्या दारात उभ्या राहिल्या. नवा रिमोट खुर्चीवर होता, काका भांडी पुसत होते. मावशींनी विचारलं, "हे मी केलं?"

काकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "नाही नाही," ते म्हणाले. "मीच दाबलं. जाता जाता हात लागला."

त्या दिवसापासून विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं. मीच दाबलं.

पण मावशींचं समाधान झालं नाही. त्यांची आईसुद्धा शिवणकाम करायची. सदुसष्टाव्या वर्षी तिने एका कोटाला बाही उलटी लावली, दुसऱ्या दिवशी ती पाहिली आणि विचारलं, "हे कोणी केलं?" पुढे तीन वर्षांत तिने लेकीकडे बघूनही तसंच विचारलं होतं, ही कोण म्हणून. मावशींना या वर्षी सदुसष्टावं लागलं होतं. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही. जिभेला हाड नसलेली बाई या एका बाबतीत मुकी झाली.

त्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. नवा रिमोट कपाटाच्या डोक्यावर ठेवला आणि कापायला लागल्या. दहा मिनिटांत टीव्ही थांबला. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, चला, म्हणजे मी नाही. पण मन चिंती ते वैरी न चिंती. मावशींनी विचार केला, म्हणजे मी उठले, स्टुलावर चढले, रिमोट काढला, दाबला, परत ठेवला, आणि त्यातलं मला काहीएक आठवत नाही. आईसुद्धा वस्तू अशाच हलवायची. तेवढ्यात न्हाणीघरातून काकांचा आवाज आला, "मीच दाबलं गं!" दार किलकिलं करून ते डोकावत होते, तोंडाला साबण फासलेला.

आणखी एक गोष्ट मावशींच्या ध्यानात आली, आणि तिने उरलासुरला धीरही गेला. नुसतं शिवलं, बटणं लावली, चेन बदलली, तर टीव्ही शहाण्यासारखा चाले. कापायला घेतलं की बिघडे. पंधरा दिवस त्यांनी हे पडताळून पाहिलं आणि स्वतःपुरता निकाल दिला. कापायला डोकं लागतं, आणि आपल्या डोक्याला तो भार आता सोसत नाही. चुकीची शिवण उसवता येते. चुकीचं कापलेलं काही परत जोडता येत नाही. त्यांनी कात्री पुसली, तिच्या चामड्याच्या घरात घातली आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली. टीव्ही लागलीच सुधारला. त्यांना हवा होता तो पुरावा मिळाला.

मग एका दुपारी नर्सबाई आल्या. या जुन्या गिऱ्हाईक, इस्पितळातून निवृत्त झालेल्या. त्यांनी टेबलावर एक लांब लोकरी कोट पसरला. त्यांच्या भावाचा होता. भाऊ थंडी संपता संपता गेला होता.

"मला माझ्या मापाचा करून हवाय," नर्सबाई म्हणाल्या. "खांदे उतरवायचे, बाह्या, पाठ, सगळंच. उसवून नव्याने कापावा लागेल, कळतंय मला. तुमच्याशिवाय कोणाच्या हातात द्यायची नाही मी."

मावशींनी लोकरीवरून हात फिरवला. असं कापड आता मिळत नाही. त्यांना खांद्याची रेघ कुठून न्यायची ते दिसतसुद्धा होतं. त्या म्हणाल्या, "मी आता कापत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कापत नाही. बटणं लावते, चेन बसवते. हे दुसरीकडे न्या."

नर्सबाईंना वाटलं चेष्टा आहे. मावशींचा चेहरा पाहून त्यांनी कोट घडी केला आणि तो घेऊन निघून गेल्या. मावशी मोकळ्या टेबलाकडे बघत उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला 'काम घेत नाही' म्हणून त्यांनी परत पाठवलं नव्हतं. फार लाज वाटली त्यांना.

मधल्या दारात काका उभे होते. हल्ली काम कमी येतं, अशीच त्यांची समजूत होती. मावशींनी कापणं सोडलंय हे त्यांना आत्ताच कळलं. त्यांनी नवा रिमोट खिशात टाकला आणि बूट चढवायला लागले.

"कुठे निघालात?"

"येतो."

"अहो, पण कुठे?"

"आलोच म्हटलं ना."

आलोच म्हणून गेलेला माणूस दोन तासांनी उगवला. मावशी एका शर्टाला चौथं बटण लावत होत्या. टीव्ही त्यांनी लावलाच नव्हता. काका तडक आत गेले, टीव्ही सुरू केला, डबीच्या सेटिंगमध्ये शिरले आणि हाक मारली, "इकडे ये जरा."

"काय?"

"रिमोट घेतला त्या दुकानात गेलो होतो. म्हटलं, हा आपोआप दाबला जातो का हो? तिथली बाई म्हणाली, जुन्याची जोडणी तोडली होती का? म्हटलं, ती कशाला? टाकून दिला की तो. तर हसायलाच लागली. म्हणे, काका, तुम्ही रिमोट टाकला म्हणून डबी काही त्याला विसरत नाही. हे बघ."

पडद्यावर यादी होती. तिच्यात रिमोट एक नव्हता, दोन होते. दुसऱ्यापुढे लिहिलं होतं, जोडलेला. शेजारी सेलचं छोटं चित्र, अर्धं भरलेलं.

"महिन्यापूर्वी कचऱ्यात गेलेला रिमोट," काका सावकाश म्हणाले, "इथे या घरात जोडलेला कसा दिसतो? कुठे टाकलास तू?"

मावशींच्या हातातली सुई तशीच राहिली. त्या वळल्या, पुढच्या खोलीत गेल्या आणि टेबलावरची राखाडी पिशवी घेऊन आल्या. त्यांनी ती अंगठ्याने दाबली. पडद्यावरची यादी नाहीशी झाली आणि पहिलं पान आलं. दुसरीकडे दाबलं, तर आवाज चढला.

"तू त्याला कपडे शिवलेस?" काका म्हणाले.

"वजन केलं त्याचं. कापायला."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! अगं, आणि मी तिथे त्या बाईपुढे शपथेवर सांगून आलो, टाकला म्हणून!"

"तुम्ही कागद वाचला असता तर?"

"तू टाकला असतास तर?"

दोघंही हसायला लागले. काका भिंतीला टेकून हसत होते, मावशी पिशवी पोटाशी धरून. हसता हसता मावशींचं रडण्यात कधी गेलं ते त्यांनाच कळलं नाही. "मला वाटलं, माझं आईसारखं झालं," त्या म्हणाल्या. महिनाभरात पहिल्यांदा ते वाक्य तोंडाबाहेर पडलं, आणि पडल्यावर त्यांना ते केवढं जड होतं ते समजलं.

जोडणी तोडायचं काम त्यांनी काकांना करू दिलं नाही. नवा रिमोट घेतला, यादीत जुन्यावर गेल्या, 'काढून टाका' निवडलं. डबीने विचारलं, नक्की? मावशी मोठ्याने म्हणाल्या, "नक्की," आणि बटण दाबलं. मग पिशवी इथून तिथून दाबून पाहिली. टीव्ही ढिम्म. त्यांचा जीव भांड्यात पडला.

काका चष्मा पुसत बसले होते. मावशी त्यांच्या समोर बसल्या.

"अहो, त्या दिवशी तुम्ही आंघोळ करत होतात. तोंडाला साबण होता. तरी ओरडलात, मीच दाबलं म्हणून."

"हं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, तुम्ही दाबलेलं नाही."

"मी दाबलेलं नाही हे मला माहीत नसेल तर कोणाला?"

"मग तुम्हालाही वाटत होतं, मी दाबते आणि विसरते."

काकांनी चष्म्याची काच उजेडाकडे धरली. ती मघाशीच स्वच्छ झाली होती. "वाटत होतं," ते म्हणाले.

"आणि आज त्या बाईने सांगितलं असतं, की रिमोटात काही दोष नाही, तर?"

"तर घरी येऊन म्हटलं असतं, मीच दाबलं. उद्याही म्हटलं असतं. दाबतच राहिलो असतो, काय करणार?"

मावशी उठल्या आणि नर्सबाईंना फोन लावला. "कोट घेऊन या. आत्ता या, उजेड आहे तोवर मापं घेऊ."

"अहो, तुमचा आवाज असा का येतोय?" नर्सबाईंनी विचारलं. "सर्दी झालीय का?"

"नाही हो. आमच्या ह्यांनी रडवलं."

नर्सबाई घाबरल्याच. "अगंबाई! काय केलं त्यांनी?"

"काही नाही केलं," मावशी म्हणाल्या. "आणि महिनाभर 'मीच केलं' म्हणत होते."