डाव्या अंगाला

माझा स्वभाव मुळातच धास्तीचा. दूध उतू जायच्या आधीच मी ते सांडल्याचं दुःख करून घेते. त्यामुळे आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पळायचं ठरवलं तेव्हा त्यांच्यापेक्षा माझीच छाती जास्त धडधडायला लागली.

निजामाचं राज्य होतं. परभणीला जंगल खात्यात चौकीदारांची भरती निघाली होती. मैदानाला फेऱ्या मारायच्या, पुढे राहतील त्यांना घ्यायचं. नोकरी लागली तर जिंतूरच्या बाजूला चौकीवर राहायला खोली मिळणार आणि मलाही सोबत जाता येणार. नाही लागली तर मालक हैदराबादेला गिरणीत जाणार, थोरल्या दिरांसारखे. दीर दिवाळीला येत आणि भाऊबीज झाली की जात. मग जाऊबाई कितीतरी दिवस उंबऱ्याशी बसून, वाटेकडे बघत भाकरी खात. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मला तो उंबरा नको होता.

मालक अंगानं दणकट. पण दणकट माणूस पळतोच असं नाही. पहिल्या दिवशी जीव खाऊन सुटले आणि बांधावरच्या बाभळीपर्यंतही पोचले नाहीत. कमरेवर हात ठेवून वाकून उभे राहिले. गाववाल्यांना तेवढंच हवं होतं. "काय हो, कुत्रं लागलंय का मागं?" असं येता-जाता विचारायला लागले. चार दिवसांत मालकांनी हात टेकले.

"माझ्याच्यानं न्हाई होत. लय दम लागायलाय. जातो मी हैदराबादला."

"न्हाई जायचं," मी म्हणाले. इतकं ठाम बोलताना त्यांनी मला कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

पळण्यातलं मला काही कळत नव्हतं, दळणातलं कळत होतं. जातं सुरुवातीलाच गरागरा फिरवलं तर सूप निम्मं व्हायच्या आत खांदा भरून येतो. ओवी म्हणता येईल एवढ्याच बेतानं ओढलं तर दळण सरतं. मी त्यांना तेच सांगितलं. बोलता येईल इतकंच पळा. दम बसला की बाभळीपासून विहिरीपर्यंत जोरात, मग पुन्हा सावकाश.

"बोलू कुणाशी? बाभळीशी?" ते म्हणाले.

म्हणून मी पळायला लागले. ज्वारी निघाली होती, रानात नुसती धसकटं. म्हणून आम्ही बांधाकडेच्या गाडवाटेनं पळायचो, झुंजूमुंजू व्हायच्या वेळेला. मामंजी तेव्हा गोठ्यात असायचे. माझ्या सासऱ्यांना शंकरपटाचा, बैलांच्या शर्यतीचा, भारी नाद. त्यांचा नियम असा की बैलाची जागा एकदा ठरली की बदलायची नाही. "डावा बैल जोडी नेतो, उजवा त्याच्याकडं बघून पळतो," असं ते सांगायचे आणि पट झाला की पाणी आधी डाव्याला पाजायचे. त्याच घरातले आम्ही. पहिल्या दिवशी मी डाव्या अंगाला पळाले आणि मग तीच माझी जागा झाली. त्यात काही चुकतंय असं दोघांच्याही मनात आलं नाही.

मला दुसरीच भीती होती. दोन घरं पलीकडची सून विहिरीवर मोठ्यानं हसली म्हणून तिला माहेरी धाडलं होतं. मी तर पदर खोचून रानातून पळत होते. पाचोळा वाजला तरी मी खाली बसायचे, आणि मालक पुढे एकटेच राहिले की त्यांचे पाय आपोआप जड व्हायचे. ते मी पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नाही. विहिरीशी पोचल्यावरही त्यांना धाप न लागता बोलता येत होतं, त्याचाच मला आनंद होता.

भरतीच्या आदल्या दिवशी पाय ताजे राहावेत म्हणून मामंजींनी त्यांना पटाच्या बैलासारखं जागचं हलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजाराचं निमित्त करून मीही गाडीत बसले.

मैदानावर पांढऱ्या फक्कीची रेघ मारली होती. आम्ही बायका एका बाजूला लिंबाखाली. साहेबांनी शिट्टी वाजवली आणि सगळे सुटले. पहिल्या फेरीला मालक बरे होते. दुसऱ्या फेरीला पाहिलं तर त्यांची मान सारखी डावीकडे वळत होती. तिथं एक थकलेला माणूस रखडत होता आणि हे त्याच्या चालीनं चालले होते! मी त्यांना एकटं पळायला शिकवलंच नव्हतं, जोडीनं पळायला शिकवलं होतं.

हाक मारावी तर नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? ‘अहो’ म्हणून ओरडावं तर तिथं निम्मे लोक कुणाचे ना कुणाचे ‘अहो’च होते. पलीकडे मामंजी उभे होते. मला एकदा ते दिसले आणि एकदा जाऊबाईंचा उंबरा दिसला. मग मी पदर खोचला.

रेघेच्या बाहेरून, त्यांच्या डाव्या अंगाला मी पळायला लागले. बायका ओरडल्या, कुणी शीळ घातली. मालकांची मान सरळ झाली. तो रखडणारा मागं पडला, मग आणखी काही जण पडले. कोपऱ्यावर शिपायानं मला काठी आडवी धरून थांबवलं, पण तोवर त्यांना लय सापडली होती. ते घेतलेल्यांत आले, अगदी शेवटून दुसरे.

परतताना गाडी मामंजी हाकत होते. मालकांना नोकरी लागली होती आणि ते अपराध्यासारखे बसले होते. मी मनातल्या मनात माहेरी जाऊन आईच्या शिव्याही खाऊन आले. मामंजींची पाठ तेवढी दिसत होती.

ओढ्याशी त्यांनी गाडी सोडली. बैलांना पाणी पाजलं, तांब्या घासला, भरला आणि आमच्याकडे आले. आमच्यात सून सगळ्यांच्या शेवटी पाणी प्यायची. मालकांनी सवयीनं हात पुढे केला.

"थांब," मामंजी म्हणाले, "आधी डाव्याला."

आणि त्यांनी तांब्या माझ्यापुढे धरला.