रिकाम्या हातांतलं वजन

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, आणि दर वेळी मनात म्हणतो, की या माणसाने नीट पाहिलं नसणार. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मी वीस वर्षं काट्यावर आहे. धान तोलणं हे माझं काम. जे काट्यावर चढत नाही ते मी मानत नाही, असं चारचौघांत बोलून दाखवायचीही मला सवय होती. पण माझ्या बाबतीत जे घडलं ते मी नीट पाहिलं होतं, मनात तोललंही होतं... चूक झाली ती पुढेच.

साल १९५३. माझी मुलगी कुसुम तेव्हा चौदा वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वीच्या तापात तिचा डावा पाय बारीक झाला होता. भिंत धरल्याशिवाय ती चालत नसे. डॉक्टर म्हणाले, “पायात जीव आहे, हिला त्याचा भरवसा नाही. कोणी धरून ठेक्यावर पावलं टाकायला शिकवलं तर ही चालेल.” आणि त्यांनी मिसेस डिक्सनचं नाव सुचवलं.

रेल्वे कॉलनीच्या कडेला राहणाऱ्या मिसेस डिक्सन एका इंजिन ड्रायव्हरच्या विधवा होत्या. वय साठीचं, गुडघे कामातून गेलेले. घराच्या पुढच्या खोलीत त्या कॉलनीतल्या पोरापोरींना इंग्रजी नाच शिकवत – खुर्चीत बसून, हातातल्या छडीने ठेका देत. सिमेंटच्या जमिनीवर खडूने पावलं काढलेली असत आणि पाय सहज सरकावा म्हणून वर बोरिक पावडर भुरभुरलेली असे. कोपऱ्यात ग्रामोफोन.

कुसुमचा हात कोणी परक्या मुलाने धरावा हे आमच्यात चालण्यासारखं नव्हतं. मग धरणार कोण? बापच. म्हणजे आधी मला वॉल्ट्झ, तो तीन ठेक्यांचा जोडीचा नाच, शिकणं आलं!

मिसेस डिक्सन म्हणाल्या, “बाबूजी, पहले आप अकेले सीखो. दोनों कच्चे रहोगे तो दोनों गिरोगे.” आठ रविवार, दुपारी तीन ते साडेतीन. तोवर कुसुमला केशोरीला तिच्या मामाकडे ठेवायचं ठरलं, तिथे आजी पायाला रोज तेल चोळणार होती. छोट्या लाइनच्या गाडीत बसवताना ती म्हणाली, “बाबा, शिकजा बरोबर. माह्या पायावर पाय नोका देऊ, एकच धड हाये.”

घरी मी सराव करायचो. डावा हात बाजूला वर, तळवा उघडा. उजवा हात समोर, जोडीदाराच्या पाठीवर असल्यासारखा. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. बायको चुलीजवळून बघायची. “काऊन जी, कोनाले धरून फिरून राहिले? मले तर लग्नातबी असं धरलं नाही!”

घरी हात रिकामेच असत, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

पहिल्या दोन रविवारी मिसेस डिक्सनकडेही काही झालं नाही. तिसऱ्या रविवारी ग्रामोफोन सुरू झाला, मी हात उचलले... आणि डाव्या तळव्यावर वजन आलं. कोणी अलगद हात ठेवावा तसं. माझ्या हाताला वजन कळतं, ती माझी रोजी आहे. तेव्हा शेर-छटाक चालत होते, सोळा छटाकांचा शेर. ते वजन पाच छटाक होतं. कमी नाही, जास्त नाही.

मला वाटलं, हात भरून आला असेल. पण भरून आलेला हात हळूहळू जड होतो. हे पहिल्या ठेक्याला आलं आणि रेकॉर्ड संपताच गेलं. शिवाय दर तिसऱ्या ठेक्याला ते किंचित मागे ओढत होतं, डावा पाय उशिरा उचलणाऱ्या माणसासारखं. कुसुमला आधार देऊन मी दोन वर्षं चालवत होतो. ती ओढ मला ओळखीची होती.

मी स्वतःची समजूत घातली, की मुलगी मनात आहे म्हणून हाताला भास होतो. सरावाला बरंच झालं.

चौथ्या रविवारी चार छटाक. त्याच दिवशी मिसेस डिक्सननी छडी आपटली. “बाबूजी, पाँव मत घसीटो!”

“नहीं घसीट रहा, मेमसाब.”

“तो ये क्या है?”

पावडरीत माझ्या कॅनव्हासच्या बुटांच्या ठशांशेजारी एक बारीक रेघ होती. मी मोजलं. माझ्या दर तीन पावलांमागे एक रेघ. मी बुटाचा तळ पाहिला, ओढल्याची खूण नव्हती. त्यांनी रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रेकॉर्ड पुन्हा लावली.

पाचव्या रविवारी तीनच छटाक. मी न राहवून मिसेस डिक्सनना विचारलं, की हातात कोणी असल्यासारखं वाटतं आणि ते दर खेपेला हलकं होतं, हे काय? त्या हसल्या. “अच्छी बात है! कच्चा पार्टनर हाथ पे लटकता है. जिस दिन हाथ में कुछ ना लगे, समझो सीख गया.”

त्यांच्या धंद्यातलं त्यांना कळणार. मला आनंद झाला; भास का असेना, माझ्या हातात कुसुमच शिकत होती. केशोरीहून मामाचं पोस्टकार्डही आलं होतं – कुसुम मजेत आहे, काळजी नसावी.

सहाव्या रविवारी हात उचलले, तर वजन जेमतेम छटाकभर. तिसऱ्या ठेक्याची ओढही नव्हती; पावलं अशी पडत होती की मलाच खरं वाटेना. रेकॉर्ड अर्धी झाली असेल, तेव्हा तळव्यावरचं तेवढंही गेलं. मी न थांबता पूर्ण फेरी केली. मिसेस डिक्सननी टाळ्या वाजवल्या. मी हसलो. घरी जाताना बाजारातून कुसुमच्या मापाचे कॅनव्हासचे बूट घेतले.

तार रात्री आली. सकाळच्या गाडीने आम्ही अर्जुनीला उतरलो, तिथून बैलगाडीने केशोरी. पोरीला आमच्यासाठी ठेवलं होतं.

मुदतीचा ताप होता. मामा मान वर करत नव्हता. “भाऊजी, तुमाले सांगून काय करतो? काम सोडून पळत आले असते. वैद्य म्हणे, एकविसाव्या दिवशी उतरते...” तापाला नेमके किती दिवस झाले ते मी विचारलं. माझा तिसरा रविवार येतो त्याच्या आदल्या दिवशी ताप सुरू झाला होता. ती कधी गेली? रविवारी, दुपार कलल्यावर. घड्याळ कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून वेळ लिहीत नाही.

आंघोळ घालताना मामीने मला आत बोलावलं. “भाऊजी, पायाले हे काय लागलं हाये जी? दोनदा धुतलं, जाऊन नाही राहिलं.”

दोन्ही तळवे पांढरे होते. डाव्या अंगठ्याला जास्त.

“पीठ असन,” मामा म्हणाला.

“पीठ कुठून येईन?” आजी ओरडली. “तीन हप्ते झाले, पोरीनं जमिनीले पाय नाही लावला!”

मी बोट फिरवलं. तांदळाचं पीठ ओलं झालं की चिकटतं. हे बोटाखाली सरकत होतं. माझ्या बुटांच्या शिवणीत जे अडकून राहायचं, तेच. दीड महिन्यात आमच्यापैकी कोणीही केशोरीला गेलं नव्हतं.

नंतर मी मिसेस डिक्सनकडे एकदाच गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ग्रामोफोनचं झाकण लावलं. पुढच्या वर्षी त्या मुलाकडे विलायतेला गेल्या.

पावडर तिथे कशी पोचली याचा उलगडा मला आजही झालेला नाही. कोणा वाचकाला सुचला तर अवश्य लिहावा. पण माझी झोप त्याने गेलेली नाही.

काट्यावर एकच पोतं दर खेपेला कमी भरू लागलं, तर मी काटा थांबवतो. पोतं उलटंपालटं करून धान कुठून सांडतं ते शोधतो. वीस वर्षांत एकदाही हे चुकलेलं नाही. इथे पाच, चार, तीन, एक... माझ्या स्वतःच्या हातावर तोललं जात होतं, आणि केशोरी एका दिवसाच्या वाटेवर होतं. मी वजन बरोबर सांगितलं. आणि पोर शिकते आहे म्हणून खूश झालो.